तालुकदाराच्या मोटारीचे दिवे

मन्याड जिल्हा अस्तित्वात आला त्या दिवशी पंचांगात पावसाचा योग होता. पाऊस आला नाही, जिल्हा आला. लोकांनी जे आलं ते गोड मानून घेतलं, पेढे वाटले, गुलाल उधळला. तो धुवायला कुणाकडे पाणी नव्हतं, त्यामुळे पुढे आठवडाभर जिल्ह्याचं ठिकाण आनंदातच दिसत होतं.

नांदेड आणि लातूर यांच्या बेचक्यात बसवलेला हा जिल्हा एका जुन्या जिल्ह्यातून कापून काढला होता. त्या जुन्या जिल्ह्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिकडचे वकील तरबेज आहेत. भावाभावांच्या वाटणीत होतं तेच इथे झालं. थोरल्याने चांगलं ते ठेवून घेतलं आणि धाकट्याच्या अंगणात अडगळ आणून टाकली. टेबलं आली, त्यांना खण नव्हते. तिजोरी आली, किल्ली तिकडेच राहिली. आणि एक मोटार आली. निजामाच्या अमदानीत कुणा अव्वल तालुकदारासाठी, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरसाठी, खास विलायतेहून मागवलेली, काळी, लांबलचक, नवरीच्या डोलीसारखे खिडक्यांना पडदे असलेली. तिला भोंगा होता, पानदान ठेवायला कप्पा होता, पाय ठेवायला पितळी पट्टी होती. पुढचे दोन दिवे मात्र नव्हते. त्यांच्या जागी दोन गोल भोकं होती आणि त्यांत चिमण्यांनी घरटी केली होती.

ही मोटार टंचाई अधिकारी रेणुकादास चौसाळकर यांच्या वाट्याला आली. चौसाळकर अत्यंत सज्जन गृहस्थ. म्हणजे असे, की त्यांनी नियमाबाहेर जाऊन आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही आणि नियमाबाहेर जाऊन कुणाचं भलंही होऊ दिलं नाही.

आता टँकरचा नियम. कोणत्या गावाला टँकर द्यायचा हे ठरवण्याची रीत अगदी स्वच्छ होती. रात्रभर झिरपून आडात किती पाणी साठतं ते टंचाई अधिकाऱ्याने स्वतः, सूर्योदयापूर्वी, गावाने पहिली घागर भरण्याआधी पाहायचं. दुपारी जाऊन उपयोग नव्हता. दुपारी आड कोरडा दिसतो खरा, पण तो लोकांनी पाणी उपसल्यामुळे कोरडा असतो, आणि उपसा म्हणजे टंचाई नव्हे. सूर्योदयापूर्वी पोचायचं तर अंधारात निघायला हवं, अंधारात निघायचं तर मोटारीला दिवे हवेत. इथे येऊन जिल्ह्याचं दुष्काळ निवारण थांबलं.

ज्या गावांचं त्यामुळे अडलं त्यांत चिंचदरी पहिलं. चिंचदरीत दोन आड होते. गावातला आड संक्रांतीलाच आटला. उरला बौद्धवाड्यातला. या आडाकडे गावाने पिढ्यान् पिढ्या मान वळवून पाहिलं नव्हतं. छप्पन साली वाड्याने धम्म स्वीकारला तरी गावाच्या लेखी त्या पाण्याचा विटाळ काही फिटला नव्हता. तो या उन्हाळ्यात एका दिवसात फिटला. जे लोक त्या वाटेने जाताना धोतराचा सोगा सावरत असत ते आता पहाटेपासून तिथेच रांगेत उभे राहून, बौद्धवाड्याचं पाणी कसं गोड आहे याचं एकमेकांना कौतुक सांगत होते.

आडात पाणी असं नव्हतंच. तळाच्या कपारीत रात्रभर झिरपायचं, तेवढंच. ते वरून शेंदता येत नसे. कुणीतरी दगडांच्या खाचांत पाय देत खाली उतरायचं, वाटीवाटीने घागर भरायची आणि वरच्यांनी ओढून घ्यायची. खाली उतरायचं काम सिंधूकडे होतं, कारण ती अंगाने हलकी होती. सिंधू ही सरजाबाईची सून. तिचा नवरा पुण्याकडे बांधकामावर गेला होता. सून खाली असेपर्यंत सरजाबाई काठावर पालथी पडून आत बघत राहायची आणि ती वर आल्यावरच उठायची.

शेवटी सरजाबाई स्वतःच जिल्ह्याच्या कचेरीत आली. चौसाळकरांच्या शेजारी हेडक्लार्क पंचाक्षरी बसले होते. या कचेरीत साहेबांना दया यायची आणि पंचाक्षरींना नियम आठवायचा, अशी कामाची वाटणी होती.

"जयभीम सायेब. आमच्या गावाला मुक्कामी यश्टी हाय," सरजाबाई म्हणाली. "सांच्याला तिच्यात बसा, गावात झोपा, पाटं उठून आड बघा. दिव्याचं कामच न्हाई."

चौसाळकरांचा चेहरा उजळला. त्यांनी पंचाक्षरींकडे पाहिलं.

"साहेबांना मुक्काम करायचा तर गाव मुक्कामायोग्य पाहिजे," पंचाक्षरी म्हणाले. "मुक्कामायोग्य म्हणजे जिथं पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय आहे असं गाव."

"पानी न्हाई म्हून तर आले ना मी!"

"म्हणूनच मुक्काम करता येत नाही, बाई."

"मग बैलगाडी धाडते. कंदील लावून नेतो की सायबाला."

"जिल्ह्याला मोटार मंजूर आहे. मोटार असताना साहेब बैलगाडीत बसले तर मोटार काढून घेतील."

सरजाबाईने साहेबांकडे तोंड केलं. "सायेब, माझी सून रोज त्या आडात उतरून राहिली. लई जुना आड हाय. दगड हालून राहिलेत. एखांदा निसटला तर काय करू मी? लेकराला तिच्या मायनं माझ्या भरोशावर दिलंय."

चौसाळकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तालुक्यात त्या दिवशी दिसलेलं हे एवढंच पाणी. "पंचाक्षरी, दिव्यांचं बघा बुवा काहीतरी," ते कळवळून म्हणाले, आणि पंचाक्षरींनी दिव्यांचं बघायला सुरुवात केली.

प्रथम जुन्या जिल्ह्याला पत्र गेलं. उत्तर आलं की मोटार 'आहे त्या स्थितीत' दिली आहे. तिचे दिवे फार पूर्वीच काढून अधिकाऱ्यांच्या क्लबात बॅडमिंटनच्या मैदानावर लावले आहेत, त्यांची नोंद आता क्रीडासाहित्यात झाली आहे, सबब ते वाहनासाठी देता येत नाहीत. नव्या जिल्ह्यालाही बॅडमिंटनचं मैदान तयार करून खेळासाठी म्हणून रीतसर मागणी करता येईल, असा सल्लाही त्यांनी थोरलेपणाने दिला होता.

मग गॅरेजवाले जलालमियां यांना बोलावलं. त्यांनी जीपचे दोन देशी दिवे आणून पत्र्याच्या कड्यांत बसवले. खटका दाबल्यावर कचेरीची भिंत लख्ख उजळली. पण पंचाक्षरींनी विचारलं की मूळ विलायती वाहनाला देशी दिवे बसवल्यास ते वाहन विलायती राहतं का. हा प्रश्न पडायला नको होता, पण एकदा पडल्यावर तो उचलून बाजूला ठेवायची हिंमत कुणात असते? विलायती न राहिल्यास ते कागदावर होतं ते वाहन नव्हे, आणि कागदावरचं वाहन गेलं कुठं याची चौकशी लागणार. जलालमियां धंद्यात मुरलेले होते. हवा बघून त्यांनी लगेच तोंड फिरवलं. "साब, मैं तो पहलेच बोल्या था, इस गाडी कू देसी माल नक्को." त्यांना दिव्यांसाठी नेमलेल्या तांत्रिक समितीवर सभासद म्हणून घेतलं. देशी दिवे काढण्याचं बिल त्यांनी बसवण्याच्या बिलापेक्षा जास्त लावलं.

आता विलायतेहूनच दिवे मागवणं आलं. तिकडच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराचा पत्ता सापडला. त्याने सभ्यपणे विचारलं, की गाडी कोणत्या प्रदेशात चालवता? तिथे पाऊस किती? कारण पावसाळी मुलखासाठी दिव्याची काच वेगळी येते आणि वाळवंटासाठी वेगळी.

या प्रश्नावर कचेरीत बैठक बसली. तिला भीमाशंकर अण्णा जातीने हजर होते. नवा जिल्हा व्हावा म्हणून ज्यांनी उपोषण केलं आणि झाल्यावर त्याच उपोषणाच्या पुण्याईवर पेट्रोल पंप मिळवला, ते हे अण्णा.

"खरं लिहायचं तर पाऊस शून्य," चौसाळकर म्हणाले.

"म्हंजी ते वाळवंटाची काच धाडणार!" अण्णा टेबलावर हात आपटत म्हणाले. "आन् ती काच लावून आपन फिरायचं? जुन्या जिल्ह्यातले लोक काय म्हणतील? वाळवंटाचा जिल्हा म्हणतील. पिढ्यान् पिढ्या टोमणे मारतील. इज्जतीचा सवाल हाय साहेब. भरपूर पाऊस लिवा."

पंचाक्षरींनी भरपूर पाऊस लिहिला. परकीय चलनाच्या परवानगीसाठी त्याची एक प्रत वरच्या खात्यात गेली. वरच्या खात्यात कधी कुणी काही वाचत नाही, पण दुर्दैवाने ही प्रत वाचली गेली. जिल्ह्यात भरपूर पाऊस असल्याचं जिल्ह्यानेच कळवलं असल्याने टँकरचे सर्व प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवावेत, असा आदेश आला. कचेरीत धावाधाव झाली. चौसाळकरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने खुलासा लिहिला, 'सदर पाऊस केवळ दिव्यांपुरता असून तो मनुष्यमात्रांस लागू नाही.' हा खुलासा वरच्यांना लगेच पटला. स्थगिती उठली, आणि प्रस्ताव पुन्हा पूर्वीच्याच जागी, म्हणजे दिव्यांवाचून अडलेले, येऊन बसले.

चिंचदरीत तोवर रांगेत भांडणं सुरू झाली होती. सिंधू आता पहाटे उतरायची आणि दिवस डोक्यावर आला तरी खालीच असायची. तिचे गुडघे फुटले होते. सरजाबाई पुन्हा कचेरीत आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की काम प्रगतिपथावर आहे. ती म्हणाली, "त्यो पथ कुठशी आला? तिथंच हंडा घेऊन जाते मी."

दिवे येईनात, तेव्हा अण्णांनी आंदोलन हाती घेतलं. मला या माणसाचा मनापासून राग येतो, पण त्याची नाडीपरीक्षा मानली पाहिजे. पाण्यासाठी चार माणसं जमत नव्हती. पाणी नसणं यात लोकांना नवं काय होतं? पण जुन्या जिल्ह्याने आपले दिवे बॅडमिंटनला लावले, हे ऐकून मात्र शहर पेटून उठलं. शिक्षक, वकील, अडते, कधी घराबाहेर न पडणाऱ्या सुना, सगळे रस्त्यावर आले. बाजारपेठ बंद राहिली. भिंतींवर 'दिवे आमच्या हक्काचे' असं लिहिलं गेलं. ज्यांच्या सात पिढ्यांनी मोटारीला हात लावला नव्हता ती माणसं चौकाचौकात काचेच्या जाडीबद्दल तावातावाने बोलू लागली. इथल्या साप्ताहिकाने पहिलं पान दिव्यांना दिलं, दुष्काळ आतल्या पानावर स्थळांच्या जाहिरातींशेजारी गेला, आणि खप दुप्पट झाला.

मोर्चात शोभा यावी म्हणून खेड्यापाड्यांतून बायका ट्रकने आणल्या. प्रत्येकीने रिकामा हंडा आणायचा होता. सरजाबाईही आली. सूनबाईचं गाऱ्हाणं एकदा मोठ्या लोकांसमोर मांडता येईल म्हणून आली. मैदानात धूळ उडू नये यासाठी अण्णांनी सकाळीच एक टँकर मागवून सडा मारून घेतला होता. टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीतून धार गळत होती. सरजाबाईने मुकाट्याने हंडा धारेखाली धरला. तो अर्धा भरला तोच छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

"ओ मावशी, काय करून राहिल्या? भरला हंडा मोर्चात कसा चालंल? फोटो निघणार हाय!"

त्याने हंडा मैदानात ओतून दिला. व्यासपीठावर तिला बोलायला उभं केलं तेव्हा ती पाणी मागायला लागली. अण्णांनी ध्वनिक्षेपक अलगद काढून घेतला आणि तिला प्रेमाने समजावलं, "माय, आधी दिवे. दिवे आले की साहेब येतील, साहेब आले की टँकर. एवढं सोपं हाय. तू फक्त दिवे माग." सरजाबाईने पदर सावरला आणि दिवे मागितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या सबंध आयुष्यात तिच्या मागणीला मिळालेल्या या पहिल्या टाळ्या.

आणि दिवे आले. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेले, पावसाळी काचेचे दोन थोरले विलायती दिवे. त्यांची शहरातून वाजतगाजत मिरवणूक निघाली. नारळ फुटला. जलालमियांनी हात धुऊन दिवे बसवले. अण्णांनी खटका दाबला आणि उजेड पार कंधार रोडच्या नाक्यापर्यंत गेला. चौसाळकर भारावले होते. ते म्हणाले की आता चिंचदरीला कोण अडवतो ते पाहू. खरंच त्यांनी दुसऱ्याच दिवसाची तारीख लावली.

साहेबांना आणि पंचाक्षरींना घेऊन मोटार अंधारात निघाली. पण वाटेत प्रत्येक गावाला बातमी लागली होती. वेशीवेशीवर बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. दिव्यांना कुंकू लागायचं, ड्रायव्हर निवृत्ती खटका पुन्हा पुन्हा दाबून दाखवायचा, पोरं ओरडायची, म्हातारे उजेडात आपला हात धरून बघायचे. साहेबांना कुणाचं मन मोडवेना. चिंचदरीच्या वेशीत मोटार शिरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, दिवे विझवले होते आणि इंजिनातून वाफा निघत होत्या.

गावाने मात्र आपल्या बाजूने नियम पाळला होता. रात्रीपासून आडाला कुणी हात लावला नव्हता. लेकरं कोरड्या घशाने रडत होती तरी सरजाबाईने एक वाटी काढू दिली नाही. झिरपा तसाच्या तसा जपून ठेवला होता, साहेबांनी डोळ्यांनी बघावा म्हणून.

निवृत्ती खाली उतरला आणि म्हणाला, "पानी लागतंय गाडीला. लई तापली."

आता आमच्याकडची रीत अशी, की दारात पाहुण्याची गाडी आली तर आधी त्याच्या बैलांना पाणी दाखवायचं. काय काम काढलंत हे नंतर विचारायचं. मुकं जनावर तहानलेलं ठेवून माणसांची बोलणी करत नाहीत. ही रीत चिंचदरी दुष्काळातही विसरली नव्हती. मोटार हे पाहुण्याचं जनावरच. कुणी कुणाला विचारलं नाही. सरजाबाईने सुनेला हाक मारली, सिंधूने कंबरेला दोर बांधला, खाली उतरली आणि रात्रभर जमलेलं सगळं पाणी वाटीवाटीने भरून वर दिलं. मोटार ते प्याली. घागरीच्या तळाशी तांब्याभर उरलं, त्यात फडकं बुडवून निवृत्तीने दिव्यांवरचं कुंकू पुसून काढलं. एवढा पाहुणचार आटोपल्यावर गाव हात जोडून उभं राहिलं आणि म्हणालं, सायेब, आता आमचा आड बघा.

चौसाळकरांनी वाकून पाहिलं. आड कोरडा होता. त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग पंचाक्षरींकडे.

"उपसा झालेला आहे," पंचाक्षरी म्हणाले.

"सायेब, त्ये तुमच्याच गाडीनं पिलं की!" सरजाबाई ओरडली.

"म्हणजे गावात वाहनांनाही पुरेल इतकं पाणी आहे," पंचाक्षरी म्हणाले. "तसंच लिहावं लागेल. माणसांचा प्रश्न त्यानंतरचा."

चौसाळकरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी सरजाबाईला नमस्कार केला, पाहुणचाराबद्दल गावाचे आभार मानले आणि जड अंतःकरणाने नियमाप्रमाणे लिहिलं. पाहुणे गेल्यावर चिखल खरवडून घरापुरतं काही निघतं का ते बघायला सिंधू पुन्हा खाली उतरू लागली, एक दगड निसटला आणि ती आडात पडली. इकडे मोटार परतीच्या वाटेवर असताना निवृत्तीच्या लक्षात आलं, की डाव्या दिव्याच्या काचेला बारीकसा तडा गेला आहे.

शहर सुन्न झालं. तडा नेमका कुठे गेला यावर तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं तापल्या काचेला गार फडकं लागलं, कुणी म्हणालं आरतीचं ताट आपटलं. अण्णांना यात जुन्या जिल्ह्याचा हात दिसला. जलालमियांनी शपथेवर सांगितलं की पावसाळी काच कोरड्या हवेत तडकतेच, तिला पाऊस मिळाला नाही. तांत्रिक समितीने हे मान्य केलं आणि पुढे नुकसान होऊ नये म्हणून दोन्ही दिवे उतरवून ठेवण्याची शिफारस केली.

आज ते दिवे जिल्ह्याच्या सभागृहात काचेच्या कपाटात आहेत. खाली मखमल अंथरली आहे. शाळांच्या सहली येतात. डाव्या दिव्याचा तडा एका विशिष्ट कोनातून पाहिला तर मन्याड नदीच्या वळणासारखा दिसतो असं म्हणतात, आणि उजवा दिवा अजूनही लागतो. स्वातंत्र्यदिनाला तो घटकाभर लावतात, तेव्हा सभागृहात पाय ठेवायला जागा नसते.

आता एक विचारतो, राग मानू नका. थोडं वरती मी लिहिलं होतं की सिंधू आडात पडली. त्यानंतर मी तुम्हाला काचेचा तडा सांगितला, समिती सांगितली, कपाट आणि मखमल सांगितली, आणि तुम्ही ते सगळं चवीने वाचत इथपर्यंत आलात. मधे थांबून, 'अहो, त्या पोरीचं काय झालं?' असं तुम्ही म्हणालात का?

तिचा पाय मांडीपासून गेला. आता खाली सरजाबाई उतरते.